टेकऑफनंतर इंजिन बसलं तर मागे का वळायचं नाही?

सोलोच्या_उंबरठ्यावर: सेसना 172 या छोट्या विमानावर शिकतोय, पुढच्या आठवड्यात सोलो, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडायचं. इन्स्ट्रक्टर म्हणतात, 500 फुटांच्या आत इंजिन गेलं तर समोरच उतर. पण मागे अख्खा रनवे मोकळा असताना शेतात का घुसायचं?

कोरा_कागद: कारण 180 अंशांत भागत नाही. तेवढं वळलात की रनवेला समांतर, पण बाजूला निघता. रेषेत यायला आणखी वळा, मग उलटं वळा. सेकंदाला 3 अंशांनी नुसत्या 180 लाच एक मिनिट जातं, आणि तेवढ्यात 172 साधारण 700 फूट खाली येतं. घाईने 45 अंश कललात तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत तो, 19 टक्क्यांनी वाढतो.

जुनी_लॉगबुक: मी समोर उतरलोय, म्हणून लिहितो. रात्रभर पाऊस, विमान उघड्यावर. सकाळी घाईत टाकीतून एकच कप इंधन काढून पाहिलं. स्वच्छ, तळाला कुठे पाण्याचा थर नाही. थर दिसणार कुठून, अख्खा कप पाण्याचाच होता! विमानाचं पेट्रोल निळसर असतं, तेवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

रन-अप, म्हणजे टेकऑफआधीची इंजिनची चाचणी, झकास झाला, कारण नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये आधीचं चांगलं पेट्रोल होतं. नाक उचलल्यावर टाकीतलं पाणी तोंडाशी सरकलं असणार. 350 फुटांवर इंजिन खोकलं, सावरलं, मग बसलंच. पंखा फिरत होता, त्यामुळे मन मानेना. मी थ्रॉटल पुढे रेटतोय, आणि तो आधीच टोकाला! वेग 55 नॉटवर आला तेव्हा कुठे नाक दाबलं. 65 धरला, जरासं डावीकडे गवताचा पट्टा होता तो पकडला. मिक्श्चर (इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण) बंद, इंधन बंद, दार उघडं, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण खाली. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून विजेचा मास्टर स्विच त्यानंतर बंद. पुढचं चाक सरीत अडकून मोडलं, पंखा वाकला. मला खांद्यावर पट्ट्याचा वळ, बाकी काही नाही. मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलला तर वाटीत पाणी.

सोलोच्या_उंबरठ्यावर: बापरे. मग कप तपासायचा कसा?

जुनी_लॉगबुक: पांढऱ्या कागदासमोर धरा, वास घ्या. तरी शंका असेल तर थेंब बोटावर घ्या, पेट्रोल लगेच उडतं. पाणी निघालं तर पंख हलवा, जरा थांबा, परत काढा. आणि थ्रॉटल देण्याआधी “500 च्या आत समोर” हे मोठ्याने म्हणा. शेजारचा हसला तर हसू दे.