‘मूत्रपिंडदाह’ : यातला दाह कसला?

परभणी :
आत्याच्या नातवाला दवाखान्यातून सोडताना कागदावर ‘मूत्रपिंडदाह’ लिहून दिलं. आत्या विचारते, “लेकराला कुठंच आग व्हायली नाही, मग दाह कशाचा?” उन्हाळी लागली समजून आधी दोन दिवस तिनं त्याला तांब्या-तांब्या धन्याचं पाणी पाजलं होतं. नेमका अर्थ कुणी सांगेल का?

अंबाजोगाई :
आत्याबाईंनी बरोबर विचारलं. बोलीत दाह म्हणजे आगच. परिभाषेत मात्र इजा किंवा संसर्ग झाला की तो भाग लाल होतो, सुजतो, दुखतो, त्या साऱ्या प्रक्रियेला दाह म्हणतात. रोगाच्या इंग्रजी नावाशेवटी ‘आयटिस’ आलं की मराठीत दाह लावतात. ग्रीकमध्ये नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड, म्हणून नेफ्रायटिस तो मूत्रपिंडदाह. शाळेच्या पुस्तकात वृक्क असतं, म्हणून वृक्कदाहही. आपल्याकडची जुनी माणसं गुर्दा म्हणतात.

उन्हाळी वेगळी. तिच्यात लघवी करताना जळजळतं आणि पाणी पिऊन बरं वाटतं. या आजारात जळजळ बहुधा नसतेच. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी आणि कोऱ्या चहाच्या रंगाची, रक्तदाब चढलेला. अशा वेळी पाणी आणि मीठ मोजूनच द्यावं लागतं. म्हणून ही शब्दाची गल्लत मला फार काळजीची वाटते. लेकराचा घसा आला होता का? की गळवं?

परभणी :
महिन्यामागं पायाला खरूज झाली होती, पिकली होती.

अंबाजोगाई :
मग कारण तेच असावं. घसा आणि कातडी पिकवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू स्वतः किडनीत जात नाहीत. त्यांच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं जंतूंच्या अंशांसकट किडनीच्या गाळण्यांत अडकतात आणि तिथं सूज येते. घशानंतर १ ते २ आठवड्यांनी, कातडीनंतर ३ ते ६ आठवड्यांनी. लेकरं बहुतेक पूर्ण बरी होतात. मोठ्यांत यामागं ल्युपससारखे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे, आजारही असतात. दुखण्याच्या गोळ्या मनानं खाऊनही दाह होतो, पण तो गाळण्यांच्या आजूबाजूच्या भागात.

लातूर :
मग सरळ ‘किडनीला सूज’ म्हणावं.

अंबाजोगाई :
तेही फसवं आहे. मुतखडा अडकून लघवी तुंबली, किडनी फुगली, की सोनोग्राफीनंतर हेच शब्द कानावर येतात. मी ‘किडनीच्या गाळणीची सूज’ म्हणतो. आत्याबाईंना चहाच्या गाळणीवरून सांगा. ती फाटली की चोथा खाली उतरतो, तसं इथं रक्त आणि प्रथिनं लघवीत उतरतात. प्रथिनांमुळं लघवीला फेस येतो. आणि तोंडाची सूज उतरली तरी लघवीची तपासणी सोडू नका, डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात पुढं काही महिने सापडू शकतं.