आर या मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये घटकांचा क्रम बदलला की एफ मूल्य बदलते : हा बग आहे का, आणि असल्यास तो कळवायचा कुठे?

द्राक्षबाग_दिंडोरी यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकला कृषी सांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी मी दिंडोरी तालुक्यातील आमच्या घरच्याच थॉमसन सीडलेसच्या बागेत जिबरेलिक ॲसिडच्या सहा मात्रांचा प्रयोग घेतला. त्यात एक मात्रा शून्य, म्हणजे नुसत्या पाण्याची आहे. आमची जमीन उताराची असून वरच्या अंगाला मुरूम आणि खाली कालव्याच्या बाजूला काळी माती आहे. त्यामुळे उताराला आडवे असे चार ब्लॉक पाडले आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सहाही मात्रा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. एकूण २४ प्लॉट झाले. तोडणीच्या दिवशी मात्र खालच्या ब्लॉकमधील एका प्लॉटचे घड वजन न करताच मजुरांनी इतर मालाबरोबर क्रेटमध्ये भरले, आणि माझ्या हाती २३च निरीक्षणे राहिली.

आता अडचण अशी आहे. आरमधील एओव्ही या फंक्शनला ‘मात्रा अधिक ब्लॉक’ असे सूत्र दिले, तर मात्रेचे एफ मूल्य (मात्रांमधील फरक प्रयोगातल्या योगायोगाच्या चढउताराच्या तुलनेत किती मोठा आहे हे सांगणारी संख्या) ३.२१ येते. तीच माहिती ठेवून ‘ब्लॉक अधिक मात्रा’ असे लिहिले, तर ते २.८७ येते. ५ आणि १४ डिग्री ऑफ फ्रीडमसाठी (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) ५ टक्के पातळीवरचे तक्त्यातील मूल्य २.९६ आहे, म्हणजे एका क्रमाने मात्रांमधील फरक सार्थ (निव्वळ योगायोगाचा नाही असा) ठरतो आणि दुसऱ्या क्रमाने ठरत नाही. बेरजेत क्रम बदलल्याने उत्तर बदलावे हे मला पटत नाही. विभागातील विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये सूत्र कसेही लिहिले तरी २.८७च येते. माझ्या मार्गदर्शकांनी हे पाहिल्यावर, ज्याची जबाबदारी कोणी घेत नाही अशा मोफत सॉफ्टवेअरवर प्रबंध उभा करू नये, असे सांगितले. मी आरची आवृत्ती ४.३.२ विंडोज ११ वर वापरते. हा बग असेल तर तो कोणाला आणि कसा कळवावा, हे कृपया सांगावे.

जुना_सांख्यिक यांचे उत्तर

आपण दोन्ही क्रम करून पाहिले आणि विसंगती उघडपणे मांडली, हे फार चांगले केले. पुष्कळजण पहिले उत्तर सार्थ आले की तिथेच थांबतात. परंतु हा बग नाही, आणि तो का नाही हे समजून घेणे आपल्या प्रबंधासाठी आवश्यक आहे.

सर्व २४ प्लॉट हाती असते, तर प्रत्येक मात्रा प्रत्येक ब्लॉकमध्ये एकदा आली असती, मात्रा आणि ब्लॉक यांचे परिणाम एकमेकांत मिसळले नसते, आणि क्रम कोणताही घेतला तरी एकच उत्तर आले असते. एक प्लॉट गेल्यावर हा समतोल मोडला. ज्या मात्रेचा काळ्या मातीतला प्लॉट गेला, तिची सरासरी आता केवळ वरच्या तीन ब्लॉकवर उभी आहे. तेव्हा त्या मात्रेत आणि इतर मात्रांत दिसणाऱ्या फरकाचा काही भाग औषधाचा नसून जमिनीचा आहे. आरमधील एओव्ही ही वर्गांची बेरीज (आकड्यांमधील एकूण चढउताराचे माप) क्रमाने वाटते, म्हणजे जो घटक आधी लिहिला त्याच्या खात्यावर सामाईक वाटाही जमा होतो आणि नंतरच्या घटकाला उरलेलेच मिळते. मात्रा आधी लिहिली की जमिनीचा तो वाटा मात्रेच्या नावावर चढतो, आणि म्हणून ३.२१ येते. ब्लॉक आधी लिहिला की जमिनीचा फरक बाजूला काढल्यानंतर मात्रेने काय केले एवढेच मोजले जाते. आपला प्रश्न हाच असल्यामुळे आपले उत्तर २.८७ आहे. विभागातील सॉफ्टवेअर प्रत्येक घटक इतर सर्व घटक वजा करून तपासते, त्यामुळे तिथे क्रमाचा संबंध येत नाही. आरमध्ये तसेच हवे असेल तर ड्रॉपवन हे फंक्शन एफ कसोटीसह चालवावे, तेही २.८७च देईल.

एओव्हीच्या मदत पानावर स्पष्ट लिहिले आहे की हे फंक्शन समतोल रचनांसाठी आहे, समतोल नसेल तर निष्कर्षांचा अर्थ लावणे कठीण होऊ शकते, आणि निरीक्षणे गहाळ झाली की समतोल बहुधा जातो. तेव्हा ही तक्रार पाठवलीत तर हेच पान दाखवून ती बंद केली जाईल.

आपल्या मार्गदर्शकांच्या शंकेविषयी आदराने एक गोष्ट सांगतो. आरमध्ये फंक्शनचे नाव कंसाविना लिहून एंटर दाबले की बहुतेक वेळा त्याचा संपूर्ण कोड समोर येतो. गणित कसे केले हे ओळ न् ओळ तपासता येते. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बहुधा करता येत नाही. मात्र मुक्त सॉफ्टवेअर आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही मी म्हणणार नाही. संख्याशास्त्रातला बग कार्यक्रम बंद पाडत नाही, तो एक सुबक दिसणारी चुकीची संख्या देतो, आणि ती संख्या कोणी हाताने पडताळत नाही. मेंदूच्या एफएमआरआय प्रतिमांसाठी वापरल्या जाणाऱ्या एएफएनआय या मुक्त संचातील थ्रीडीक्लस्टसिम या प्रोग्राममधील एक दोष १५ वर्षे तसाच राहिला होता. तीन संचांची तुलना करताना संशोधकांना तो सापडला, २०१५ मध्ये तो दुरुस्त झाला आणि २०१६ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. म्हणून आपल्याला जे खटकते ते विचारत राहावे.

पंचवटी_पॅकेज यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही कळवायचे कुठे हा आपला प्रश्न उरतो, आणि पुढे कधीतरी तो उपयोगी पडेल.

दोष आरच्या गाभ्यात आहे की एखाद्या पॅकेजमध्ये, म्हणजे आरला वेगळ्याने जोडायच्या फंक्शनांच्या संचात, हे सर्वप्रथम ठरवावे. पॅकेजमधला असेल तर आरचा गाभा सांभाळणाऱ्या आर कोअर मंडळाला लिहून उपयोग नाही. मेंटेनर या फंक्शनला पॅकेजचे नाव दिले की ते सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि ईमेल मिळते, आणि अनेक पॅकेजांची गिटहबवर तक्रारनोंदही असते. गाभ्यातला असेल तर आर प्रकल्पाचे दोष नोंदवण्यासाठीचे स्वतंत्र बगझिला हे संकेतस्थळ आहे. स्पॅमच्या त्रासामुळे तिथे खाते आपोआप उघडता येत नाही, ईमेलने मागावे लागते. खात्री नसेल तर आर-डेव्हल या ईमेल यादीवर आधी विचारणे बरे.

मी स्वतः एकदा घाई केली होती. तालुक्यांची नावे देवनागरीत असलेली एक सारणी विंडोजवर छापली की ‘नाशिक’च्या जागी कोनी कंसांत यू अधिक ०९२८ आणि पुढे तशाच आकड्यांची माळ दिसत असे. मी दोन दिवस खर्चून तक्रार लिहिली, आणि पाठवण्याआधी कोणीतरी विचारले की आवृत्ती कोणती आहे. माझी आवृत्ती जुनी होती. एप्रिल २०२२ मधील ४.२.० पासून आर विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर आणि पुढे देवनागरीसह सर्व लिप्या सामावणारे यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग वापरते. ती बसवताच नावे नीट दिसू लागली. तेव्हापासून आधी ताजी आवृत्ती बसवायची, तिच्यातले बदल सांगणारी न्यूज फाइल वाचायची आणि मगच लिहायला बसायचे, असा मी नेम ठेवला आहे.

तक्रारीत वस्तुस्थिती लिहावी, तर्क लिहू नयेत. ‘तुमचे फंक्शन असमतोल माहितीवर चुकते’ हा तर्क झाला. ‘ही २३ ओळींची माहिती, हा तीन ओळींचा कोड, हे उत्तर आले, हाताने केल्यास हे येते’ ही वस्तुस्थिती झाली. माहिती डीपुटने मजकुरात उतरवावी, आवृत्ती आणि चालू पॅकेजे सांगणाऱ्या सेशनइन्फोचे उत्तर जोडावे, आणि सर्व काही नव्याने उघडलेल्या रिकाम्या आरमध्ये पुन्हा चालवून पाहावे, कारण जुन्या सत्रात पडून राहिलेला एखादा चल पुष्कळदा सगळा घोटाळा करतो. आपली खरी माहिती देण्याची गरज नसते. उदाहरण लहान करत करत इतके लहान करावे की त्यातून आणखी काही काढले तर दोष दिसेनासा होईल. हे करताना निम्म्या वेळा आपलीच चूक सापडते आणि उरलेल्या निम्म्या वेळा दोषाची नेमकी ओळ हाती लागते.

ओझर_मिग यांचे उत्तर

फक्त एक भर घालतो. इंग्रजी चांगले नाही म्हणून आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी तक्रार पाठवतच नाहीत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. चालणारा कोड जोडलेला असेल तर चार साधी वाक्ये पुरतात.

द्राक्षबाग_दिंडोरी यांचे उत्तर

सर्वांची मी आभारी आहे. मार्गदर्शकांना जमिनीच्या वाट्याची गोष्ट कागदावर मांडून दाखवली. त्यांनी ती लगेच मान्य केली आणि तक्ता ‘ब्लॉक अधिक मात्रा’ असाच ठेवायला सांगितले.

मात्र लहान उदाहरण तयार करताना मला दुसरेच काहीतरी सापडले आहे, आणि या वेळी ते मी तीनदा तपासले आहे. मात्रांच्या जोड्यांची तुलना करण्यासाठी मी क्रिटिकल डिफरन्स (सीडी, म्हणजे दोन सरासऱ्यांमधील फरक सार्थ ठरायला लागणारे किमान अंतर) काढून देणारे एक छोटे पॅकेज वापरते. सहा मात्रा आणि चार ब्लॉक घेऊन, एक प्लॉट गहाळ ठेवून, एरर मीन स्क्वेअर (प्रयोगातल्या योगायोगाच्या चढउताराचे माप) बरोबर ४ येईल असे आकडे मी रचले. १४ डिग्री ऑफ फ्रीडमसाठी टीचे मूल्य २.१४५ आहे. पॅकेज सर्व पंधराही जोड्यांसाठी ३.०३ हाच सीडी देते. जुना_सांख्यिक सरांनी सांगितल्याप्रमाणे नाव कंसाविना लिहून कोड उघडला, तर पुनरावृत्तींची संख्या म्हणून सरळ ब्लॉकच्या पातळ्या मोजलेल्या आढळल्या, म्हणजे प्लॉट गेला तरी पुनरावृत्ती चारच धरल्या जातात. गहाळ प्लॉटच्या मात्रेसाठी एकचतुर्थांश अधिक एकतृतीयांश घेतले तर माझ्या हिशेबाने सीडी ३.२८ यायला हवा. हा तरी बग आहे ना?

जुना_सांख्यिक यांचे उत्तर

होय, हा बग आहे, आणि आपण तो फार स्वच्छ वेगळा काढला आहे. एवढी लहान आणि कोणालाही पुन्हा चालवता येईल अशी तक्रार क्वचितच पाहायला मिळते.

पाठवण्यापूर्वी आपला ३.२८ मात्र दुरुस्त करावा. एकचतुर्थांश अधिक एकतृतीयांश हे सूत्र ब्लॉक नसलेल्या रचनेचे आहे. ब्लॉक असताना गहाळ प्लॉटच्या मात्रेची सरासरी ब्लॉकच्या परिणामासाठी समायोजित करावी लागते, आणि त्या समायोजनाची स्वतःची थोडी अनिश्चितता असते. संख्याशास्त्रज्ञ यीट्स यांनी १९३३ मध्ये गहाळ प्लॉटचा प्रश्न सोडवला; त्या पद्धतीने अशा जोडीसाठी एरर मीन स्क्वेअरला ज्या संख्येने गुणायचे ती येते दोन भागिले चार, अधिक सहा भागिले चार गुणिले तीन गुणिले पाच, म्हणजे ०.५ अधिक ०.१, म्हणजे ०.६. यावरून सीडी ३.३२ येतो. ज्या जोड्यांत गहाळ प्लॉटची मात्रा नाही, त्यांच्यासाठी ३.०३ बरोबरच आहे. ईएममीन्स या पॅकेजने समायोजित सरासऱ्यांच्या फरकाची प्रमाणत्रुटी (त्या फरकातील अनिश्चिततेचे माप) काढून ताडून पाहावी.

दुरुस्ती सुचवताना यीट्स यांचे सूत्र कोडमध्ये घालू नये, कारण दोन प्लॉट गेले की ते जसेच्या तसे लागू पडत नाही. मॉडेलच्या व्हेरियन्स-कोव्हेरियन्स मॅट्रिक्समधून प्रत्येक जोडीची प्रमाणत्रुटी काढली की कितीही प्लॉट गेले तरी उत्तर बरोबर येते आणि समतोल माहितीवर पूर्वीचेच उत्तर कायम राहते. हा दुसरा मुद्दा पॅकेज सांभाळणाऱ्यांना फार महत्त्वाचा वाटेल, कारण त्यांच्या पॅकेजवर लोकांचे छापून झालेले निष्कर्ष उभे असतात. खुद्द आरमध्ये सॅम्पल हे फंक्शन मोठ्या समष्टीतून नमुना काढताना पूर्णपणे समान शक्यतेने निवड करत नव्हते. २०१९ मध्ये ३.६.० आवृत्तीत ते सुधारले, तेव्हा तोच सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते ती संख्या) देऊनही नमुने वेगळे येऊ लागले, आणि म्हणून जुनी पद्धत सॅम्पल.काइंड या पर्यायातून मुद्दाम उपलब्ध ठेवली गेली.

द्राक्षबाग_दिंडोरी यांचे उत्तर

ईएममीन्सनेही ३.३२च दिले. रविवारी रात्री मी मेंटेनरांना ईमेल पाठवला, त्यात आपण सांगितल्याप्रमाणे फक्त माहिती, कोड, आलेले उत्तर आणि अपेक्षित उत्तर एवढेच लिहिले. बुधवारी त्यांचे उत्तर आले. त्यांनी दोष मान्य केला आहे, मॅट्रिक्समधून प्रमाणत्रुटी काढण्याची सूचना स्वीकारली आहे, आणि मला जमत असेल तर कोडचा बदल चाचण्यांसह मीच पाठवावा असे सुचवले आहे.

मी दोन चाचण्या लिहिल्या आहेत. पहिलीत पूर्ण २४ प्लॉट घेतले आहेत. तिथे १५ डिग्री ऑफ फ्रीडमला सीडी ३.०१ येतो आणि तो जुन्या कोडप्रमाणेच राहिला पाहिजे. दुसरीत एक प्लॉट गहाळ आहे आणि ३.०३ व ३.३२ ही दोन्ही मूल्ये योग्य त्या जोड्यांपुढे आली पाहिजेत. एकाच ब्लॉकमधील दोन प्लॉट गहाळ असण्याची तिसरी चाचणी मेंटेनरांनी मागितली आहे. तिचे अपेक्षित उत्तर मला पॅकेजच्या बाहेर, स्वतंत्रपणे काढायचे असल्यामुळे आज सकाळपासून मी नॉर्मल समीकरणे कागदावर सोडवत आहे. ती पूर्ण झाली की आकडे इथे टाकते, कोणीतरी दुसऱ्या पद्धतीने पडताळून द्यावेत ही विनंती. माझ्या प्रबंधातील सीडीचा तक्ता तोपर्यंत मी मागे घेतला आहे, कारण त्यातील दोन जोड्यांपुढची सार्थतेची खूण नव्या सीडीने टिकत नाही.