२५० एमएमला सगळे फोटो सॉफ्ट (पुसट) येतायत, लेन्स गंडली का?

फोकसवेडा:
क्रॉप सेन्सरवाला (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, ५५-२५० झूम. ५५ ला ठीकठाक, पण २५० ला पक्षी काढला की पिसांचा नुसता लगदा दिसतो. शटर १/१२५ सेकंद, अॅपर्चर एफ ५.६, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, हात हलला तर सावरणारा स्टॅबिलायझर चालू. नॉइज (फोटोतले दाणे) नको म्हणून आयएसओ वाढवत नाही. नवीन लेन्स घ्यावी का?

एक्सपोजरकाका:
लेन्सला कशाला बोल लावताय! हातात धरून काढायचं तर २५० एमएम गुणिले तुमच्या सेन्सरचा क्रॉप फॅक्टर १.६, झाले ४००, म्हणजे शटर निदान १/४०० तरी हवं. आणि स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, पक्ष्याची मान नाही. १/५०० वर गेलात तरी आयएसओ फक्त ४०० होतोय, एवढ्याला काय घाबरायचं? नॉइज नंतर कमी करता येतो, हललेला फोटो हललेलाच राहतो.

रिकामटेकडा:
काकांचं बरोबर, पण आधी मऊपणा कुठल्या जातीचा ते तर बघा. फोटो स्क्रीनवर १०० टक्के मोठा करून सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. पक्षी मऊ आणि मागची फांदी कडक असेल तर फोकस भलतीकडे गेलाय, फोकस पॉइंटची ऑटो निवड बंद करून मधला एकच पॉइंट ठेवा. आणि कुठेच काही शार्प नसेल तर असं करा, भिंतीवर छापील कागद लावा, ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, २ सेकंदाचा टायमर, एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरून फोकस करतो, त्यामुळे फक्त तोच फोटो शार्प आला तर व्ह्यूफाइंडरवाल्या फोकसचं कॅलिब्रेशन (जुळणी) हललंय. दोन्ही मऊ आले तर काचेत घोळ.

फोकसवेडा:
केलं. दोन्ही सारखेच मऊ, रडायलाच आलं. मग लक्षात आलं की लेन्स घेतल्या दिवसापासून पुढे एक स्वस्तातला यूव्ही फिल्टर (लेन्सवर बसवायची जादा काच) आहे, तो काढला तर अक्षरं एकदम कोरल्यासारखी!! हातात १/१२५ ला मात्र अजून हलतंच, म्हणजे काका तुम्हीही बरोबर.

रिकामटेकडा:
म्हणूनच ५५ ला कळलं नाही, अशा काचेचा दोष टेलीला (झूमच्या लांबच्या टोकाला) जास्त उघडा पडतो. आता हूड लावा, पुढची काचही जपली जाते.

एक्सपोजरकाका:
रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर तो फोटो जरा मऊच दिसणार, जेपेगला कॅमेरा स्वतःच शार्पनिंग लावून देतो, नाहीतर परत धागा काढाल. बाकी पक्षी कुठला ते सांगितलंच नाहीत.