‘सर्फ टाका, क्रोमला रामराम ठोका’ म्हणे!

पेठेतला_पेंग्विन: मागे इथे एकाने लिहिलं, ‘जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि सर्फ ब्राउझर टाका, नवा असल्यासारखा पळतो.’ पळतो कसला! माझा २ जीबी रॅमचा. सर्फचा स्वतःचा कोड मूठभर, मान्य. पण पोटात पान दाखवणारं इंजिन वेबकिटजीटीकेच ना? चार पानं उघडली की पंखा गिरणीसारखा घरघरतो. त्यात परवा अपडेट झालं आणि पान पांढरं फटक. दोन रात्री जागून त्याचा डीएमए-बफ रेंडरर (पान पडद्यावर रंगवणारा भाग) बंद केला, तेव्हा कुठे अक्षरं दिसली.

टर्मिनलबुवा: ते मीच लिहिलं होतं. वेबकिटजीटीके २.४२ आल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, काही ग्राफिक्स ड्रायव्हरांवर हे होतंय. न वाचता अपडेट मारायचं आणि नावं आम्हाला ठेवायची. सोसत नसेल तर डिलो ब्राउझर घ्या. जावास्क्रिप्टच नाही, कोसळेल काय कपाळ?

कोथरूडची_सून: बुवा, डिलोत मराठी वाचलीत कधी? सासऱ्यांना मोठ्या हौसेने लावून दिला. ‘विहीर’मधली पहिली वेलांटी व सोडून पलीकडे जाऊन बसलेली, ‘पुण्यात’चा ण पाय मोडून पडलेला. सासरे म्हणाले, “सूनबाई, हे मोडीत आहे का?”

मुळाकाठचा: नोटोचा देवनागरी फॉन्ट टाका, होईल नीट.

कोथरूडची_सून: टाकलाय हो! प्रत्येक वेळी कुणीतरी उठतो आणि फॉन्ट सांगतो. अक्षरं जुळवायला हार्फबझसारखं काहीतरी लागतं. डिलोखालचं एफएलटीके १.३, म्हणजे खिडक्या-बटणं काढणारं टूलकिट, लिनक्सवर अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवतं. वेलांटी आधी काढायची हे त्याला सांगणार कोण?

टर्मिनलबुवा: फुकट आहे, कोड खुला आहे. करा दुरुस्त.

कोथरूडची_सून: स्वयंपाक आटोपला की करते. तोवर तुम्ही कणीक मळा.

मुळाकाठचा: भांडू नका रे.

टर्मिनलबुवा: बरं बाई, मराठीचं कबूल. मी डिलोत मॅन्युअलंच वाचतो, तीही इंग्रजी. पण ‘हलकं’ म्हणजे काय हे आधी ठरवा. सगळ्या साइट चालायला हव्या तर इंजिन अवजडच येणार.

पेठेतला_पेंग्विन: हे तेव्हाच लिहिलं असतंत तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या! असो. झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून बसवणारी सोय) लावून फायरफॉक्सवर परत आलोय. एका वेळी दोनच टॅब, पण चालतोय. उद्या तापकीर गल्लीत ४ जीबीची डीडीआर३ रॅम बघतो.

मुळाकाठचा: आधी मागचं झाकण उघडून जुनीवरचं लेबल वाचा. १.३५ व्होल्टवाली असेल तर तसलीच मागा.