चालायचंच, पण ऊन टाळून

ताई, सासऱ्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय म्हणून घरचे त्यांना खाटेवरून उठूच देत नाहीत असं तुम्ही वर लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. तब्येत स्थिर असेल अन् डॉक्टर हो म्हणले असतील तर चालणं बंद करू नका, नुसतं पडून राहिलं की पायातली ताकद जाते अन् मग दोन पावलातच धाप लागते. २००९ ला हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे असंच हृदयाचं पंपिंग कमी पडलेल्या, २३३१ पेशंटवरचा मोठा अभ्यास आलाय, त्यात व्यायाम सुरक्षित दिसला.

सुरुवातीला ५-१० मिनिटं, सपाट रस्ता, चालता चालता बोलता आलं पाहिजे, दम तुटला की थांबायचं. आपल्या परभणीकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो अन् त्यात अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी लघवीची गोळी चालू असली तर चक्कर येऊ शकते, म्हणून पहाटेच, नाहीतर घरातल्या घरात फेऱ्या, पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरला विचारूनच ठरवा.

अन् हे तर चुकवूच नका, रोज सकाळी वजन करा, अंगात पाणी साठायलंय का ते त्यावरून कळतं. ३ दिवसात २ किलोच्या वर वाढलं, पाय सुजले, झोपताना जास्तीची उशी लागायली तर त्या दिवशी चालणं नाही, सरळ डॉक्टरला फोन. छातीत दुखलं तर लगेच दवाखाना.