आइसक्रीम वेल काही केल्या जाईना, तुमचा अनुभव सांगा

बेळगावच्या शहापुरात आमच्या परसात सासूबाईंनी हौसेनं आइसक्रीम वेल लावलेली, गुलाबी फुलांवर मधमाशा नुसत्या घोंगावायच्या, पण आता तिनं शेवगा पार गुंडाळून टाकलाय, कंपाउंडवरनं शेजारच्या पत्र्यावर गेलीय आणि दरवर्षी दिवाळीनंतर सगळी काढली तरी पाऊस पडला की परत दहा ठिकाणी फुटतीय. आमची काळी जमीन, ओली झाली की पाय रुततोय आणि वाळली की कुदळ चालत नाही. शेवगा वाचवायचाय ओ. कुणी कायमची घालवली असेल तर काय केलं, काय चुकलं सगळं लिहा.

टिळकवाडीतनं लिहितोय. ताई, हिच्या मुळाशी रताळ्यासारखे कंद असतात, ते राहिले की ती येणारच. मीपण दोन वर्षं नुसती वरवर कापत होतो. एक करा, कापताना हातभर खोड जमिनीवर ठेवा आणि त्याला लाल चिंधी बांधा, नाहीतर नंतर मूळ कुठं आहे तेच कळत नाही. वळीव पडून एक-दोन दिवस झाले, माती भुसभुशीत झाली की खोदायचं. मला दीड हात खोल जावं लागलं, दोन घमेली कंद निघाले. ते खताच्या खड्ड्यात टाकू नका, तिथंच रुजतील, मी स्लॅबवर उन्हात पार वाळवले. त्यानंतर दर रविवारी एक फेरी, कोंब दिसला की बोटानं माती उकरून खालचा तुकडा काढायचा. पूर्ण जायला दीड वर्ष लागलं.

मीठ अजिबात ओतू नका! कुणीतरी सांगितलं म्हणून निपाणीच्या घरी मिठाचं पाणी ओतलं, वेल परत आली आणि आईनं वाढवलेला कडीपत्ता गेला. अजून वाईट वाटतंय.

आमच्याकडं मेंदीच्या कुंपणावर अमरवेल आहे, तिला खोदून काय उपयोग नाही कारण तिचं मूळ जमिनीत नसतंयच, ती झाडाचाच रस पिते. पिवळे दोरे ओढत बसलं की तुकडे पडतात आणि तेच दुसऱ्या फांदीला धरतात. मी दोरे असलेल्या फांद्या वीतभर खालनं छाटल्या आणि फुलं यायच्या आधी सगळं जाळलं, बी पडलं तर मातीत वर्षानुवर्षं राहतंय.

खानापूरकडच्यांना एक विनंती, साफ करताना गुळवेल तोडू नका. बदामासारखं पान, खोडावर बारीक फोड आल्यासारखे ठिपके, वरनं दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. चुकून खालनं तोडली असेल तरी वरची तशीच राहू द्या, मुळं सोडून जमीन गाठतीय. आणि कुंपणावर खाजकुयली असेल तर जांभळ्या फुलावर असतानाच काढा, शेंगा धरल्यावर हात लावलात तर अंगाची आग आग होतीय.

ताईच लिहितीय. सगळ्यांचे आभार. परवा वळीव झाला, काल चिंधी बांधलेल्या जागी खोदलं तर पाच कंद निघाले, सासूबाई बराच वेळ एक हातात धरून बघत बसल्या, म्हणाल्या एवढं खाली गेलं असेल असं वाटलं नव्हतं. पण दोन खोडं शेवग्याच्या अगदी बुंध्याला चिकटून आहेत, तिथं कुदळ मारायला हात होईना. शेवग्याची मुळं न तुटता कुणी काढलेत काय?