घाट, गंगावेश, शुक्रवार पेठ : तुमचे अनुभव सांगा

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटाजवळ जे वाढले, लग्न होऊन आले किंवा भाड्यानं राहून गेले, त्या सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करतो.

आमच्या शुक्रवार पेठेत पावसाळ्यात जेवलास का, याच्या आधी विचारतात, 'पाणी किती फूट?' राजाराम बंधाऱ्यावर 39 ला इशारा, 43 ला धोका, हे पोराटोरांना पाठ. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा वडिलांनी जिन्याच्या भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढली. दोनच वर्षांत, 2021 ला, पाणी ती रेघ ओलांडून गेलं. घराला रंग दोनदा दिला, पण रेघा बुजवू देत नाहीत ते. पाणी उतरल्यावर घोटाभर चिखल आणि कुजलेल्या जोंधळ्याचा वास. तालमीतली पोरं कुणी न बोलवता फावडी घेऊन दारात उभी. त्यांचे उपकार कसे फेडायचे?

———

आमची गवळ्याची गल्ली. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दारांपैकी एक उघडलं तरी 1428 क्युसेक पाणी सुटतं. आम्ही किती दारं उघडली ते बघतो आणि म्हशी हलवतो. माणसं नंतर.

———

मी सोलापूरची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, मी जरा जाऊन आलो." मी बघतच राहिले. इथल्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात. आता माहेरी फोनवर माझ्याच तोंडून "मी जेवलो" निघतं. आई हसते, मला मात्र ते फार आवडतं.

———

पाठीला डबा बांधून काकांनी मला घाटावरनं ढकललं, तसं पोहायला आलं. माझ्या पोराला तिथं उतरवायला मी धजत नाही. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो, एका वर्षी काठाला मेलेले मासे लागलेले बघितले. नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांवर राग येतो. पोटातनं येतो.

———

रात्रपाळी सुटली की पहाटे गंगावेशला धारोष्ण दूध. समोर म्हैस, धार थेट पेल्यात, वर बोटभर फेस. शेजारी तालमीतला पैलवान दुसरा पेला संपवत असतो.

———

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे घाटावर पणत्या लावतो. वारा सुटला की विझतात. शेजारची अनोळखी बाई आपल्या पणतीनं माझी पेटवते, पुढची विझली की मी तिची.